आप्पांची शिडाची बोट आणि काकींची पायरी

सोनईत माझं मोटारपंपाच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. दुकानासमोर एक बाकडं आहे. ते मी गिऱ्हाइकांसाठी टाकलं होतं, पण त्यावर गिऱ्हाईक टेकलेलं मी अजून तरी पाहिलेलं नाही. तिथं आमची टोळी बसते. चहा माझा, पेपर माझा, पंख्याचं बिल माझं, आणि गप्पा त्यांच्या!

आता बाकडं म्हटलं की किस्से आलेच. एक सांगून संपतोय न संपतोय तोच "अरे त्यावरनं आठवलं" म्हणत दुसरा तोंड उघडतो. पण अलीकडं कुठूनही सुरू करा, ऊस, इलेक्शन, कुणाच्या पोरीचं लग्न, गाडी शेवटी आप्पांच्या बोटीवरच येते. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं सांगूनच टाकावं. म्हणजे बाकड्यावर दुसरा विषय तरी निघेल.

टोळी फार मोठी नाही. रंगनाथ आप्पा, उभी नोकरी परदेशी मालवाहू जहाजांवर, इंजिनरूममध्ये फिटर. आता रिटायर, घरी ऊस आणि दोन गाई. गेनूभाऊ, घोडेगावच्या बाजारातले बैलांचे दलाल. पोपट, ट्रॅक्टरवाला. आणि चौथा मी, चहा पाजणारा.

*

एक दिवस आप्पा आले, कप हातात घेतला आणि म्हणाले, "सेकंडहँड बघतोय. चांगली मिळाली तर घेऊन टाकीन म्हणतो."

पोपटचे कान लगेच उभे राहिले. "ट्रॅक्टर?"

"न्हाई."

"मंग पिकअप?"

"न्हाई रे. बोट. शिडाची. आत दोघांना झोपायला जागा, बारका गॅस, समदं हाय."

पोपट बाकड्यावर पुढं सरकला. मग त्यानं त्याला सुचणारा एकमेव प्रश्न विचारला. "ॲव्हरेज काय देती?"

"अरे वाऱ्यावर चालती ती! डिझेल लागतंय कशाला? काठाला लावताना तेवढं बारकं इंजिन."

"आन वारा पडला तर?"

"तर थांबायचं."

"कुठं?"

"जिथं हाय तिथं!"

"पान्यात?"

"मंग काय डांबरीवर?"

पोपटनं कप खाली ठेवला. "आप्पा, त्यापेक्षा माझा जुना ट्रॅक्टर घ्या. तो बी असाच मधेच थांबतो, पन निदान रस्त्यावर तरी थांबतो!"

आम्ही पोट धरून हसलो. आप्पाही हसले. पण हसून झाल्यावर कपाकडं बघत म्हणाले, "लग्न झालं तवा हिला म्हणलं हुतं, एकदा तुला जहाजावर नेतो. कंपनीनं कधी नेऊ दिलं न्हाई, आन मंग मी बी इसरलो. ती न्हाई इसरली. एकट्यानं पाणी लई बघितलं आता. ही बोटीत बसली तर बोट ठेवीन. न्हाई बसली तर दुसऱ्या दिवशी विकून टाकीन."

पोपटनं स्वतःहून दुसरा चहा सांगितला, माझ्या नावावर.

*

आठवडाभरात काकी दुकानात आल्या. काकी म्हणजे आप्पांच्या मंडळी. पंपाचं पॅकिंग पाहिजे होतं. काकींना पॅकिंग द्यायचं म्हणजे परीक्षाच. त्या हातात घेऊन दुमडून बघतात, वास घेतात, आणि "ह्ये न्हाई, आतलं काढ" म्हणतात.

आप्पा जहाजावर असताना सगळी शेती काकींनी ओढली. विहिरीवर ऑइल इंजिन होतं. ते हँडल मारून स्वतः चालू करायच्या. पदर खोचून, पान्यांची पिशवी घेऊन बांधानं निघालेल्या काकी मी लहानपणापासून पाहिल्यात. आप्पा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे आणि इंजिनापाशी जाऊन म्हणायचे, "अगं सर, मी बघतो. घराएवढी इंजिनं चालवतो मी!"

काकी हँडल काही सोडायच्या नाहीत. म्हणायच्या, "तुमी पावनं हाय. बसा, च्या घ्या."

त्या दिवशी पॅकिंग पसंत पडल्यावर मीच विषय काढला. "काकी, आप्पा बोट घेतायत म्हणे?"

"घिऊ द्या. मी न्हाई बसायची."

"का हो?"

"इतकी वर्सं ते पान्यात आन मी रानात. तवा कुनी ईचारलं न्हाई, येतीस का म्हनून. आता गुडघं गेल्यावर ईचारत्यात!"

मी पॅकिंग कागदात बांधून दिलं.

*

आप्पांना मोबाईलवर बोट सापडली. अलिबागच्या अलीकडं एका खाडीत. मालक ऐंशीच्या पुढचे डॉक्टर. त्यांची अट मात्र विचित्र. "बोट बघायला जोडीनं या. एकटे आलात तर दाखवणार नाही."

आप्पांचा चेहरा पडला. पण काकी म्हणाल्या, "बघायला येते. बसायला न्हाई." आणि दशम्या करायला घेतल्या.

पोपटनं जीप काढली. गेनूभाऊंना आप्पांनी मुद्दाम घेतलं. आमच्याकडं जुनं काहीही घ्यायचं म्हटलं की जाणता दलाल बरोबर लागतो, मग तो बैलांचा का असेना!

बोट खाडीच्या कडेला लाकडी टेकूंवर उभी होती. पांढरी, पोटाशी जरा पिवळट पडलेली. गेनूभाऊंनी आधी तिला लांबून एक चक्कर मारली. मागच्या बाजूनं जाताना चार हात अंतर ठेवलं, सवयच ती! मग जवळ येऊन पाठीवर थाप मारली, वाकून पोटाखाली पाहिलं, वर चढून पुढचं झाकण उघडलं आणि आत डोकं घालून, बैलाचे दात बघावेत तसं, बराच वेळ तोंड बघितलं. डॉक्टर खुर्चीत बसून हे सगळं पाहत होते.

शेवटी गेनूभाऊ त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "मालक, खरं सांगा. बसायची खोड हाय का?"

मी आप्पांकडं बघितलं. औताला जुंपलेला बैल मधेच बसकण मारतो, त्याला आमच्याकडं बसायची खोड म्हणतात. बाजारात कुठलाच मालक ती कबूल करत नाही. आता डॉक्टर रागावणार असं मला वाटलं.

डॉक्टरांनी नीट आठवून पाहिलं. "एकदा बसली होती. ओहोटीला, वाळूत. सहा तास उठली नाही."

गेनूभाऊ टुणकन उठले. "आप्पा, डोळे झाकून घ्या! खोड लपवीत न्हाई, मालक खरा हाय!"

*

मग डॉक्टर काकींकडं वळले. "ताई, तुम्ही बसणार ना यांच्याबरोबर?"

"न्हाई," काकी म्हणाल्या.

झालं! आप्पांनी मान खाली घातली. पोपट जीपच्या किल्ल्या काढायला लागला. पण डॉक्टर एकदम मोकळं हसले. "आमची मंडळी पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती. पाण्याला फार भ्यायची ती. पण मला एकट्याला सोडायचीही नाही."

"मंग त्या बसायच्या कुठं?" काकींनी विचारलं.

डॉक्टरांनी काठी टेकत टेकत काकींना शिडीवरून वर नेलं. आत खोलीत उतरायला दोन पायऱ्या होत्या. वरच्या पायरीवर हात ठेवून म्हणाले, "इथं. तोंड मागं करून. इथून समुद्र दिसत नाही. सुकाणू धरलेला माणूस तेवढा दिसतो."

काकी पायरीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इंजिन कुठं असतंय ह्याचं?"

"या पायरीखालीच." डॉक्टरांनी पायरी उचलून दाखवली.

"आन डिझेलचा कॉक?"

डॉक्टर चकित. "बोट बघायला इतके लोक येऊन गेले, हे कुणी विचारलं नाही हो!"

"इंजिन म्हनलं की पयला कॉक म्हाईत पायजे. त्यो बंद केला की डिझेल बंद, इंजिन ठप्प," काकी म्हणाल्या. आत हात घालून त्यांनी कॉक एकदा बंद केला, एकदा उघडला. "ढिला न्हाई. बरा हाय." मग पायरी जागेवर ठेवली आणि अगदी सहज तिच्यावर टेकल्या.

मागोमाग चढलेले आप्पा समोर सुकाणूपाशी उभे होते, शाळेत फोटो काढायला उभं राहावं तसे ताठ. काकींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"व्हय, दिसतंय की," त्या म्हणाल्या. "पोट लई सुटलंय!"

आणि उतरताना आम्हाला बजावलं, "बसले न्हाई हां मी. बघितलं फकस्त."

*

आता सौदा. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल समोरच्याचा हात धरतो, वर उपरणं टाकतो आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतो. काय ठरलं ते त्या दोघांनाच कळतं. गेनूभाऊंना दुसरी पद्धत ठाऊकच नाही. ते डॉक्टरांच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं. रीतीप्रमाणं आम्ही लांब जाऊन उभे राहिलो.

बराच वेळ झाला. पोपट म्हणाला, "लई घासाघीस चाललीय."

अखेर गेनूभाऊ आले ते त्याच उपरण्यानं डोळे पुसत. आम्ही घाबरलो. "काय झालं? किती बोटं दाबली?"

"एक बी न्हाई."

"म्हंजे?"

"मी हात धरला आन ते म्हनले, मंडळी गेल्यापासून असा हात कुनी धरला न्हवता. आन दुसरा हात वर ठेवून बसले. त्यांनी सोडला न्हाई, आन मलाबी सोडवंना."

"मग भाव?"

"भाव कसला? त्यांनी फोनवर सांगितलेलाच. आन माझी दलाली बी नको मला."

इतक्या वर्षांत गेनूभाऊंनी भाव न पाडता उठल्याचं आमच्या पाहण्यात हे पहिलंच. काकींनी त्यांना पिशवीतली दशमी काढून दिली. "भाऊ, आज खरा सौदा केलासा."

*

बोट ट्रेलरवर चढवून माळशेज घाटानं आणली. डॉक्टरांनी निघताना बोटीवरून एकदा हात फिरवला आणि लगेच घरात गेले, निरोपाला थांबले नाहीत.

रस्ताभर लोकांनी भंडावून सोडलं. कुणी विचारी कुठल्या देवस्थानचा रथ, कुणी विचारी लग्नाचं स्टेज आहे का. एका गावात तर दोन बायांनी हळदीकुंकू वाहिलं आणि पोपटनं तीर्थ म्हणून बिसलेरीतलं पाणी दिलं! त्याला आप्पांनी शिव्या घातल्या, पण बायांनी पाणी भक्तीनं घेतलं.

पारनेरच्या बाजूला चहाला थांबलो. उन्हाळ्याची चाहूल लागलेली, माळ सगळा करपलेला, टपरीमागं टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. रांगेतली एक म्हातारी उठून आली. बोटीभोवती सावकाश फिरली, वर हात लावून बघितला. आणि आप्पांना म्हणाली, "सायेब, बोट तर आली. आता पानी कवा धाडताय?"

आप्पांनी कप खाली ठेवला. ट्रेलरवर प्यायच्या पाण्याचे दोन मोठे जार होते, ते त्यांनी म्हातारीच्या हंड्यात रिकामे केले. तरी ती म्हणालीच, "ह्याच्यात न्हाई चालायची ही!"

*

बोट जायकवाडी धरणात सोडायची होती. परवानगीचे हेलपाटे सुरू झाले आणि धरणात पाणीही यायचं होतं. त्यामुळं बोट आप्पांच्या अंगणात, गोठ्याशेजारी उभी राहिली. गेनूभाऊंनी पहिल्याच दिवशी तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला. दृष्ट लागू नये म्हणून! एका कोंबडीनं पुढच्या कप्प्यात अंडी घातली. आप्पा रोज सकाळी बोट पुसायचे आणि काकींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आतून लई गार हाय बरं का!" काकी गाईची धार काढत राहायच्या.

एप्रिलात एक दिवस आप्पा पळतच बाकड्यावर आले. धाप लागलेली.

"चढली! ही बोटीवर चढली!"

आम्ही पोपटची जीप काढून गेलो. बघतो तर बोटीच्या पाठीवर पांढरं धोतर अंथरलेलं आणि काकी उन्हात कुरडया घालत होत्या.

"काकी, बसलात की हो बोटीत!" पोपट ओरडला.

"बसते कशाला? वाळवान घातलंय. हितं कुत्रं येत न्हाई."

तरी आप्पा खूश. म्हणाले, "असू दे रे. पाय तर लागला." आणि त्या कुरडयांवर राखण म्हणून स्वतः दुपारभर काठी घेऊन बसले.

*

दिवाळी झाली. जायकवाडीचा फुगवटा, म्हणजे धरणामागं पसरलेलं पाणी, काठोकाठ भरला. परवानगीही हातात आली. एक दिवस सकाळी बोट ट्रेलरवर घालून आम्ही सगळे काठावर गेलो.

बोटीचा शिडाचा खांब उभा करायला यारी आणली होती. विहीर खणताना दगड वर काढतात ते मशीन. यारीवाला इकडं तिकडं बघत म्हणाला, "विहीर कुठाय?" पोपटनं सगळ्या धरणावरून हात फिरवला. "ही काय!"

खांब उभा राहिला, पोपटनं ट्रॅक्टर रिव्हर्स घालून ट्रेलर पाण्यात उतरवला आणि बोट अलगद तरंगायला लागली. नारळ फुटला. काकी डब्याची पिशवी घेऊन काठावर उभ्या. बघायला म्हणून आलेल्या. आप्पा बोटीत. त्यांनी फक्त हात पुढं केला.

काकींनी चपला काढल्या. बोटीला हात लावून तो कपाळाला लावला.

"पायरी पुसलीय का?" त्यांनी विचारलं.

आणि आप्पांचा हात धरून चढल्या, पायरीवर जाऊन बसल्या, तोंड मागं करून. आप्पांनी पाठ फिरवली आणि बाहीनं डोळे पुसले. गेनूभाऊ तर उघडच रडत होते. बैल विकताना कधी रडले नाहीत!

इंजिनावर बोट आत गेली, शीड वर चढलं, इंजिन बंद झालं. काय सुंदर दिसत होती म्हणून सांगू! जराशी कलून सरसर चालली होती. आम्ही काठावरून टाळ्या वाजवल्या.

आणि वारा पडला. पार पडला. शीड धुण्यासारखं लोंबायला लागलं. थोड्या वेळानं माझा फोन वाजला. आप्पा.

"इंजिन चालू होईना! चार ठोके देतंय आन बंद पडतंय. बॅटरी चांगली हाय. बाजूनं हात घालून फिल्टर बघितला."

"पायरी उचलून नीट बघा की!"

"कशी उचलू? पायरीवर ही बसलीय. गुडघा धरलाय म्हणती, उठता येईना."

मागून काकींचा आवाज आला. "कुनाला बोलवू नका हो. ह्ये घ्या, पिठलं गार व्हाया लागलंय."

आम्ही एका मासेमारी करणाऱ्या होडीवाल्याला दोर देऊन पाठवलं. म्हटलं, बांधून ओढून आण. तो गेला आणि एकटाच परत आला, हातात भाकरी आणि ठेचा.

"का रे? दोर बांधला न्हाई?"

"आजी म्हनल्या, काय घाई न्हाई. मलाच जेवू घातलं आन माघारी धाडलं."

"आन आप्पा?"

"ते बोलत हुते. लई बोलत हुते. कुठलं कुठलं बंदर, जहाजावरचं काय काय. आन आजी हनुवटीला हात लावून ऐकत हुत्या."

आम्ही काठावर बसून राहिलो. दुपार गेली, ऊन उतरलं. दिवस मावळायच्या बेताला वारा सुटला, शीड फुगलं आणि बोट सावकाश काठाला लागली. आप्पा घामाघूम, शरमेनं लाल. जहाजाचा इंजिनवाला आणि बारकं इंजिन चालू करता आलं नाही! काकी मात्र टणकन उतरल्या, चपला घातल्या आणि चढण चढून सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसल्या. गेनूभाऊंनी माझ्याकडं पाहिलं, मी गेनूभाऊंकडं.

दुसऱ्या दिवशी आप्पा बाकड्यावर आले ते काळ्या हातांनीच. सकाळी पान्यांची पिशवी घेऊन बोटीवर जाऊन आले होते. मी चहा पुढं केला.

"काय झालं हुतं इंजिनाला?" पोपटनं विचारलं.

"इंजिनाला काय झालं न्हवतं. डिझेलचा कॉक बंद हुता."

पोपटनं डोकं खाजवलं. "हादऱ्यानं आपोआप बंद होतो का हो?"

"न्हाई. नीट पिळून बंद केलेला हुता."

"मंग काकींना ईचारलं का?"

"ईचारलं."

"काय म्हनल्या?"

आप्पांनी चहाचा घोट घेतला. कप तोंडापाशीच धरून म्हणाले, "वर बघितलं बी न्हाई. पीठ मळता मळता म्हनली, उद्याच्याला दोन भाकरी जास्त घेते. वाऱ्याचा काय भरवसा!"